कोयती वजा

काट्यावर चढताना तिनं कमरेची कोयती काढली नाही.
काटा अडतीसपर्यंत गेला, जरा डुलला,
थांबला.
मी म्हटलं, भागू, हे कोयतीसकट झालं.
ती हसली. हिरड्या फिकट,
दोनदा कढीत उतरवलेल्या सोलांसारख्या.

कोयती वजा: सदतीस आणि थोडं.
हा काटा रिकामा असतानाही पाव किलो दाखवतो,
ते मी तिला सांगितलं नाही.

पाचवा महिना.
नाव भाग्यश्री झोरे.
वय? सासू म्हणाली, एकोणीस,
डोळे माझ्या मागच्या भिंतीवर ठेवून,
जिथे अंडं, गाजर आणि पालेभाजी
हातात हात घालून नाचतात.

माझ्या लोखंडी कपाटात जुनी वही आहे.
तिच्यात हीच भागू, वर्षं तीन,
ह्याच वाशाला टांगलेल्या झोळीत पाय झाडत रडलेली,
दहा किलो सहाशे.
पिवळा पट्टा. टिंब मीच दिलं, रेघ मीच ओढली.
हळूहळू का होईना, चढत होती रेघ.
पाचव्या वर्षी तक्ता संपतो.
तिथून पुढे कागदच नाही.

त्या वहीनं हिशेब केला तर
येत्या दसऱ्याला भागूला सतरावं लागेल.
खरं लिहिलं तर वाळपईहून जीप येईल,
तिच्या नवऱ्याला नेईल, तोही नुकतं मिसरूड फुटलेला,
आणि मग ह्या धनगरवाड्यावरची एकही पोटुशी
काट्यावर चढणार नाही.
नाही लिहिलं तर
पेनाचं टोपण मी तीनदा उघडलं.

काय जेवलीस?
पेज.
पेजेबरोबर?
मीठ.
मग माझं मन राखायला: तोर पण होती, मिठातली.

पहाटे ती तीन म्हशी पिळते.
कॅन डोक्यावर घेऊन उतार उतरते फाट्यापर्यंत,
तिथे डेअरीची गाडी.
फॅट चांगलं लागतं आमचं, म्हणते.
ते दूध किनाऱ्याकडे जातं, हॉटेलांत, दूर,
तिनं अजून समुद्र पाहिलेला नाही.
घरात चहा काळा.

लाल गोळ्या गोठ्याच्या कुडात खोचलेल्या सापडल्या,
एकेक वेगळ्या भोकात, नीट.
मळमळतं, म्हणाली.
सासूचं म्हणणं वेगळं: पोटभर खाल्लं तर पोर वाढतं,
वाढलं की अडतं,
आणि रात्री इथे कुठलं वाहन.
तिचं स्वतःचं पहिलं असंच अडलेलं.
चौघांनी खाटेवरून खाली नेलं.
दोन जीव उतरले, एक परत चढला.
म्हणून मी तिच्यावर आवाज चढवत नाही.
चढवायचा कुणावर,
त्याला माझ्या वहीत रकाना नाही.

मुगाची उसळ झाली होती. म्हटलं, बस.
ती पोरांच्या चटईवर बसली, चार वर्षांच्या दिराला लागून,
पोरांच्याच ताटलीत,
डावा हात ताटलीभोवती, कुंपणासारखा.
गुडघे तसेच मुडपलेले.
अंडं सोललं तिनं, पांढरं दिराच्या पुढ्यात ठेवलं,
पिवळं तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली.
गिळ, म्हटलं मी.
हे मी तिला पूर्वीही म्हटलेलं आहे.
गिळलं.

हात धुतला, ओला हात पोटावरून पुसला,
कोयती कमरेला लावली.
थांब जरा, सावलीत बस.
नको बाय, गवत कापायचंय.
एक म्हस गाभण आहे ना,
तिला वेगळी पेंड आणलीय मामानं,
कापसाच्या सरकीची.
आणि ती दाखवू लागली दोन्ही हातांनी,
किती मोठं पोतं.